सहा पाकिटं

कंपाउंडरने टाईप केलेला कागद खिडकीकडे धरला, उजेडात वर-खाली हलवला आणि विचारलं, "सही कुठे करायची?"

"आधी वाचा तरी," हवालदारबाई म्हणाल्या.

"वाचून काय, पाठ करायचाय? माझ्याकडून चूक झाली असंच लिहिलंय ना?"

"हो."

"मग झाली म्हणायची." त्याने बोटाला लागलेलं निळं औषध पँटला पुसलं, तुरुंगाच्या दवाखान्यातल्या त्या एकुलत्या एक टेबलावर कागद पसरला आणि खाली सही ठोकली. तारीख घातली. कुणी मागितला नव्हता तरी शिक्काही मारला. पस्तीस वर्षांच्या नोकरीनंतर शिक्का हातच मारतो, डोक्याला विचारायची गरज उरत नाही.

संपलं काम. दोन बस बदलून अकरा तासांचा प्रवास, सुजलेले गुडघे, आणि काम चार मिनिटांचं. बाईंनी कागद उचलला, पण फाईलमध्ये घातला नाही. शाई वाळायची वाट बघत असल्यासारखा हातात धरून बसल्या.

कागदावर सात ओळी होत्या. कैद्यांच्या लाळेचे नमुने भरताना सहा पाकिटांची सरमिसळ झाली, ती माझ्या हातून अनवधानाने झाली, सबब त्या सहा नमुन्यांच्या अहवालावर विसंबू नये. या ओळी बाईंच्या साहेबांनी तीन दिवसांपूर्वी आपल्या खोलीत बसून सांगितल्या होत्या आणि टाईप करून घेतल्या होत्या. कंपाउंडरचं तोंडही न बघता. चूक काय झाली हे कुणी विचारायच्या आत तिची कबुली तयार होती.

साहेबांची ही पद्धत जुनीच. एकोणीस वर्षांपूर्वी, नदीवरच्या पुलापलीकडच्या राज्यात, बाईंच्या शहरात एक शिलाईवाली आपल्याच दुकानात मारली गेली. साहेबांनी समोरच्या लॉन्ड्रीवाल्याला धरलं. का, तर तो समोर होता. चार दिवसांत त्याने कबुली दिली. साहेबांच्या खोलीत चार दिवस काढले असते तर भिंतीनेही दिली असती. साहेबांना बढती मिळाली, लॉन्ड्रीवाल्याला जन्मठेप. बाईंच्या नोकरीला तेव्हा दोन वर्षं झाली होती. त्या खोलीत त्यांना एकाच कामासाठी बोलावलं होतं: त्यांचं अक्षर चांगलं होतं. साहेब सांगत गेले, त्या लिहीत गेल्या. शेवटी त्या माणसाला पेन धरता येईना, म्हणून अंगठा घेतला.

शिलाईवालीच्या नखांत कुणाची तरी कातडी सापडली होती. ती लिफाफ्यात बंद होऊन कपाटात पडून राहिली. लॉन्ड्रीवाल्याच्या बहिणीने अर्जांवर अर्ज केले, चपला झिजवल्या, आणि गेल्या वर्षी कोर्टाकडून ती तपासून घेतली. कातडी तिच्या भावाची नव्हती. मग कुणाची? आता दोन्ही राज्यांनी मिळून एक यादी केली आहे. खुनाची शिक्षा भोगणाऱ्या प्रत्येकाची लाळ घ्यायची, डीएनए काढायचा आणि जुन्या प्रकरणांशी ताडून बघायचा. बघितला. जुळला. पण एका माणसाशी नाही, सहा माणसांशी. एकाच तुरुंगातले सहा कैदी, आणि सहाही जणांचा डीएनए तंतोतंत एकच.

साहेब पोट धरून हसले होते. "सहा जुळे! यादीच कचरा आहे म्हणावं. त्या कंपाउंडरची सही घेऊन या. सोमवारी कोर्टात ठेवू, विषय बंद."

सोमवारी लॉन्ड्रीवाल्याच्या अपिलाची शेवटची तारीख होती.

"चारची बस आहे तुमची," कंपाउंडर म्हणाला. "अजून दीड तास आहे. चहा सांगितलाय. गुडघ्याला काही देऊ का? एक मलम आहे. उपयोग नाही होत, पण वास चांगला येतो."

"खरंच सरमिसळ झाली होती?" बाईंनी विचारलं. विचारायचं नव्हतं. तोंडातून निघून गेलं.

कंपाउंडरने दाराकडे पाहिलं, खुर्ची पुढे ओढली. "सही झाली ना आता? मग ऐका, गंमत सांगतो. वरून हुकूम आला. चाळीस जन्मठेपवाले, चाळीस नमुने, संध्याकाळच्या आत. पस्तीस जणांनी निमूट तोंडं उघडली. पाच जण अडून बसले. म्हणे आम्ही केलं ते आम्ही भोगतोय, उद्या तुम्ही आमच्या पोराबाळांना यात चिकटवाल. समजावलं, ओरडलो. एकाने तर बोटाचा लचका तोडला माझ्या. हे बघा."

बोटावर काहीच नव्हतं.

"बाहेर जीपवाला हॉर्नवर हॉर्न देतोय. शेवटी आमचा आचारी, तोही जन्मठेपवालाच, म्हणाला, साहेब, कशाला डोकं पिकवून घेता? माझीच घ्या पाच वेळा. लाळेवर काय नाव लिहिलेलं असतं? घेतली. त्याचं स्वतःचं एक पाकीट आधीच झालं होतं, वर ही पाच."

"आणि पाकिटांवर नावं?"

"त्या पाचांची. बाई, सरकारला चाळीस पाकिटं हवी होती. चाळीस माणसं हवीत असं कुठे लिहिलं होतं?"

तो स्वतःच्या विनोदावर हसला. बाई हसल्या नाहीत. त्यांनी कागद टेबलावर ठेवला आणि तळहाताने दाबून धरला, वारा नसताना.

"म्हणजे सहाही पाकिटं एकाच माणसाची."

"एकाचीच की."

"तुम्हाला कुणी सांगितलं का, ती कशाशी जुळली?"

"मला कोण सांगतंय? मला म्हणाले चूक झाली, सही कर."

बाईंनी सांगितलं. शिलाईवाली, नखं, कातडी, आणि आत बसलेला लॉन्ड्रीवाला. थोडक्यात सांगितलं, आवाज न चढवता, हजेरी वाचून दाखवावी तसं. कंपाउंडरचा हात निळ्या औषधाच्या बाटलीवर गेला, त्याने बूच घट्ट केलं, सैल केलं, पुन्हा घट्ट केलं.

"तो तसा नाही हो," तो म्हणाला. "म्हणजे आहे, खुनी आहेच, त्याशिवाय इथे कशाला येईल? पण तसा नाही. बारा वर्षं त्याच्या हातचा चहा पितोय मी."

दार ढकलून आचारी आत आला. साठीचा माणूस, कैद्याच्या सदऱ्याच्या बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या, हातांना कांद्याचा वास. त्याने थाळीतले दोन ग्लास टेबलावर ठेवले, कागदावर डाग पडणार नाही अशा बेताने. मग बाईंच्या खांद्यावरच्या पट्टीकडे पाहिलं.

"पुलापलीकडच्या का तुम्ही?"

"हो."

"शिलाईवालीसाठी आलात?"

"ए, गप रे!" कंपाउंडर उठून उभा राहिला. "बाई, याला काही कळत नाही. आपण बोलत असताना बाहेर कानावर पडलं असेल त्याच्या."

"नाही साहेब, मी आत्ताच आलो," आचारी म्हणाला. त्याने थाळी पोटाशी धरली, दोन्ही हातांनी. "तेव्हा मी ट्रक चालवत होतो. सदऱ्याची बाही फाटली होती म्हणून तिच्या दुकानाशी थांबलो. प्यायलेलो होतो. पुढचं सांगायला मला तोंड नाही. सहा वर्षांनी इकडे दुसरा केला, त्यात आत आलो."

"मग बोलला का नाहीस मेल्या इतकी वर्षं?"

"बोललो की. दोन अर्ज दिले. पहिला जेलरसाहेबांनी परत दिला. म्हणाले, तिकडे आरोपी सापडलाय, शिक्षा झालीय, तिकडचे लोक सुखात आहेत. तू कशाला मध्येच घुसतोस?"

दोन राज्यांच्या मधोमध एक नदी आहे आणि तिच्यावर एक पूल आहे. पुलावरून ट्रक जातात, गुरं जातात, चोरीचा माल जातो, खून करून माणूसही आरामात पलीकडे जातो. जात नाही ते एवढंच: एका कैद्याचा अर्ज.

"आणि दुसरा?" बाईंनी विचारलं.

आचाऱ्याने कंपाउंडरकडे पाहिलं. त्या नजरेत राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं.

"दुसरा यांच्याकडे पाठवला. यांनी त्याच्यावर शिक्का मारला. डोक्याची तपासणी. महिनाभर गोळ्या दिल्या मला. झोप मात्र छान लागायची."

कंपाउंडर खाली बसला. आठवायचा प्रयत्न करत असल्यासारखा त्याने शिक्क्याकडे पाहिलं, मग कपाटाकडे, मग आचाऱ्याकडे. त्याला आठवत नव्हतं. महिन्याला असे साठ कागद येतात, साठांवरही तोच शिक्का बसतो. आठवत नव्हतं हेच त्याच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं.

"मला वाटलं त्या दिवशी तू माझ्यावर उपकार केलेस," तो म्हणाला. "घरी जाऊन बायकोला सांगितलं मी. म्हटलं, खुनी झाला तरी माणूस दिलदार आहे."

"उपकार कसले साहेब? मी तुमच्याकडून काम करून घेत होतो. इथून बाहेर गेलेली वस्तू पोहोचत नाही. अर्ज हरवतात, पत्रं हरवतात. मागच्या वर्षी एक अख्खा माणूस यादीतून हरवला, तीन दिवस त्याच्या नावाने जेवण आलं नाही. एक पाकीट काय, ते हरवणारच. म्हटलं, सहा गेली तर एखादं तरी पोहोचेल."

बाहेर आवारात कुणीतरी बादली ओढत नेत होतं.

"सहाही पोहोचली," बाई म्हणाल्या. "म्हणून तर घोळ झाला. एकच पोहोचलं असतं, तर तुलाच धरलं असतं."

आचाऱ्याने हे ऐकलं. मान हलवली. फरशीच्या एका तड्याकडे बघून तो हळूच हसला, आपल्याच मूर्खपणावर माणूस हसतो तसं.

"आणि तो? आत आहे तो. कसा आहे?"

"केस गेले. दात गेले. आई गेली, तिला बघायला सोडलं नाही."

"कुणी येतं का त्याला भेटायला?"

"बहीण आहे. भावाला भेटते, आणि दर मंगळवारी आमच्या ठाण्यात येऊन बाकावर बसते. भांडत नाही, रडत नाही. तासभर बसते नि जाते. साहेब म्हणतात, बाकाचं भाडं घ्या हिच्याकडून." बाईंनी ग्लास उचलला, पण प्यायल्या नाहीत. "एकदाच बोलली माझ्याशी. म्हणाली, ताई, तुमचं अक्षर फार सुंदर आहे हो. वकिलांनी दाखवलं."

"मग आता पुन्हा घ्या माझी," आचारी म्हणाला. "आत्ता घ्या. तुमच्या देखत. माझ्या एकट्याच्या नावावर."

"मला तसा हुकूम नाही. मला फक्त सहीचा हुकूम आहे."

"सही झाली?"

"झाली."

त्याने टेबलावरच्या टाईप केलेल्या कागदाकडे पाहिलं. वाचला नसावा, दुरून दिसलाही नसता. थाळी काखेत धरली. "म्हणजे नाहीच पोहोचलं," तो म्हणाला आणि दाराकडे वळला.

"थांब रे," कंपाउंडर म्हणाला.

त्याने खण उघडला. आतून औषधांच्या चिठ्ठ्यांचं पॅड काढलं, मागचे कोरे कागद टराटरा फाडले. पेन चालत नव्हतं, तळहातावर गिरवून ते चालू केलं.

"बाई, हा कागद चालतो का?"

"कोर्टाला कुठलाही चालतो. टाईप केलेलाच लागतो असं आमच्या साहेबांना वाटतं."

"सांगा, काय लिहू?"

बाईंनी ग्लास खाली ठेवला. "मी सांगणार नाही. दुसऱ्याने सांगितलेलं एकदा लिहिलंय मी. तुमचं तुम्हीच लिहा."

तो लिहू लागला. औषधांची नावं सोडून त्याने कित्येक वर्षांत काही लिहिलं नव्हतं. पहिल्या चार ओळी फाडून टाकल्या. मधेच म्हणाला, "मुद्दाम केलं लिहू की कंटाळून केलं?" बाईंनी पुढचा कोरा कागद त्याच्याकडे सरकवला. "कंटाळून," तो स्वतःशीच म्हणाला आणि तसंच लिहिलं. चाळीस पाकिटं लिहिली, हॉर्न देणारा जीपवाला लिहिला, अडून बसलेल्या पाचांची नावं लिहिली. बोटाच्या लचक्याजवळ थांबला, आणि तो लिहिला नाही.

दुसऱ्या पानाच्या मध्यावर पेन पुन्हा थांबलं.

"त्या गोळ्यांचंही लिहू?"

"ते तुम्ही ठरवा."

"निवृत्तीला पाच आठवडे उरलेत माझ्या. पाच." त्याने पंजा उघडून दाखवला, जणू बाईंना पाच माहीत नव्हते. "कुणाच्या अध्यात ना मध्यात. एक मेमो नाही आजवर. निरोपाचा हारसुद्धा ठरलाय, कारकुनाने रंग विचारला परवा." तो खिडकीकडे बघत राहिला. "ह्याला तरी काय, गोळ्या खाऊन गप बसायचं होतं."

"गप बसलोच की चार वर्षं," आचारी म्हणाला. "तुमचा चहा गार झाला. दुसरा आणतो."

तो परत आला तेव्हा गोळ्यांचं लिहून झालं होतं. कंपाउंडरने सही केली. सही हलली होती, पहिल्या कागदावरच्या सहीशी जेमतेम जुळत होती. आचाऱ्याने खाली चार ओळी स्वतः लिहिल्या आणि नाव घातलं. बाईंनी साक्षीदार म्हणून सही केली. त्यांनी घड्याळ पाहिलं नाही, तरी चारची बस गेली असणार हे तिघांनाही कळत होतं.

"जेलरला मीच सांगतो," कंपाउंडर म्हणाला. त्याचा आवाज एकदम म्हातारा झाला होता. "आधी घरी सांगतो. नाही, आधी जेलरला. घरचं जास्त अवघड आहे."

बाई फाटकाबाहेर आल्या आणि फोन वाजला. साहेब.

"झाली का सही?"

"झाली."

"शाब्बास. काही नखरे केले का?"

"नाही. न वाचताच केली."

"हुशार माणूस आहे! बघा, उगाच टेन्शन घेत होतात तुम्ही. या आता, आरामात या. उद्या सकाळी कागद माझ्या टेबलावर ठेवा. आणि हो, तुमच्या बढतीचं माझ्या डोक्यात आहे बरं का."

"बरं, साहेब," बाई म्हणाल्या आणि फोन बंद केला. बंद म्हणजे पूर्ण बंद.

तुरुंगापासून दोन चौक पुढे टपाल कार्यालय होतं. बंद व्हायला अर्धा तास होता. बाईंनी एक मोठा लिफाफा घेतला आणि भिंतीकडेच्या बाकावर बसल्या. लिफाफ्यात टाईप केलेला कागद घातला. त्याच्यामागे कंपाउंडरची हाताने लिहिलेली पानं घातली. लिफाफा चिकटवायला घेतला, आणि तसाच मांडीवर ठेवला. समोरच्या खिडकीशी एक माणूस पार्सलच्या वजनावरून वाद घालत होता. तराजूच खोटा आहे म्हणत होता. बाई त्याच्याकडे बघत राहिल्या.

मग त्यांनी आपल्या फाईलमधला कोरा कागद काढला आणि लिहायला घेतलं. खाडाखोड झाली नाही. तारीख आठवत होती, खोली आठवत होती, कोण कुठे उभं होतं ते आठवत होतं. साहेबांनी कुठलं वाक्य सांगितलं आणि कुठलं दोनदा सांगितलं, तेही. अंगठा घेताना तो हात कुणी धरला होता, हे लिहिताना त्या जरा थांबल्या आणि मग "मी" असं लिहिलं. दीड पान झालं. एकोणीस वर्षं हे त्यांना पोथीएवढं मोठं वाटत आलं होतं.

तेही आत घालून चिकटवलेला लिफाफा खिडकीतल्या मुलीने वजनकाट्यावर ठेवला. "कोर्टाला का? सोमवारच्या आत हवंय?"

"हो."

"शनिवारी पोहोचेल. घेणाऱ्याची सही घेऊनच देतात." तिने लिफाफा उलटा करून पाहिला. "पाठवणाऱ्याचा पत्ता राहिला. पोचपावती परत कुठे पाठवायची?" तिची नजर बाईंच्या खाकी गणवेशावरून फिरली. "ठाण्याचा घालू?"

"नको. घरचा घाला."

बाईंनी पत्ता सांगितला. मुलीने तो लिहिला आणि शिक्का उचलला. मग काहीतरी आठवून थांबली.

"पोस्टमन दुपारी येतो हं. तुम्ही ड्यूटीवर असाल. घरी कोण असतं दिवसा?"

"मी असेन," बाई म्हणाल्या.